सामान्य दिवस

करंबेळे तिठ्यावर, पिंपरणीच्या बुंध्याशी,
प्लास्टिकच्या खुर्चीत मी, सहा ते दोन.
मांडीवर पॅड, पॅडला तक्ता,
चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.
रोज सहाशे, चहा आपला आपण.

बेंडलसाहेबांनी जीपमधूनच समजावलं होतं:
कार म्हणजे एक.
सायकल अर्धी.
ट्रक म्हणजे तीन कार,
आणि बैलगाडी दिसलीच, तर आठ.
मी हसलो. ते हसले नाहीत.
"रस्ता किती अडवते त्यावर आहे हे, रसाळ.
किमतीवर नाही."

साडेसात. बंदराकडून बर्फाचे टेम्पो,
फळीतून पाणी ठिबकतंय,
वळणावर एक काळी ओली रेघ. ती मोजायची नाही.
चिऱ्याच्या खाणीवरून डंपर,
लाल धूळ चष्म्यावर, तक्त्यावर, चहावरच्या सायीवर.
मग तो कंटेनर, वळता वळेना,
मागे पुढे, मागे पुढे,
क्लीनर खाली उतरून त्याला हातानं बोलावतो
बुजलेल्या म्हशीला बोलवावं तसा.
तोवर मागची रांग
पेट्रोल पंपापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग
वळणाआड.
हॉर्नला रकाना नाही.

गणपतीत मोजायचं नाही, सूचनेत लिहिलंय.
शिमग्यात नाही. मे महिन्यातले शनिवार-रविवार नाहीत.
दिवस सामान्य हवा.
कुळ्ये पंक्चरवाला म्हणाला,
"मग आमच्याकडं असा दिवस उरतो कधी?"
तरी त्यानं मला छत्री दिली,
टायर कंपनीची, एक काडी मोडलेली.

बैलगाडी एकच आली, सव्वाबाराला, गवताची.
आठ कार सावकाश
माझ्यासमोरून शेपटी हलवत गेल्या.

तीन महिन्यांनी त्या रेघांचा नकाशा झाला.
शाळेत, सातवीच्या वर्गात, फळ्यावर चिकटवला.
उड्डाणपूल निळा, सेवा रस्ते पिवळे,
तिठ्याच्या जागी एक वाटोळं, आत हिरवळ.
पिंपरण नव्हती. हिरवळ होती.
पुण्याच्या नेरकर मॅडम म्हणाल्या,
प्रत्येक गाडीची अकरा मिनिटं वाचतील.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जोरात,
कारण गेल्या चैत्रात
ह्याच तिठ्यावर एक रुग्णवाहिका उभी राहिली होती
सायरन लावून, जागच्या जागी,
आणि आत माझा मामा होता.

तेव्हा मागच्या बाकावरून झुलेखाबी होडेकर उठली.
टोपली बाहेर ठेवून आलेली,
पण बांगड्याचा वास तिच्याबरोबर आत आला होता.
"यष्टी वरसून जानार का खालसून?"

मॅडमनी नकाशाकडे पाहिलं.
बेंडलसाहेबांनी मॅडमकडे.
"लांब पल्ल्याच्या वरून," ते म्हणाले.
"मंग थांबनार कुटं?"
पंखा फिरत होता. नकाशाचा एक कोपरा सुटला,
कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरला.
"आनी मी बसू कुटं?"

मी खाली पाहिलं.
आठही तास ती माझ्या समोर होती,
रस्त्याच्या पलीकडे, त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीखाली.
माझ्याकडून दोनदा सुटे नेले होते.
एस्टी थांबली की उठायची, खिडकीशी टोपली धरायची,
परत येऊन बसायची.
ती कुठे गेली नव्हती, म्हणून
माझ्या तक्त्यात आली नव्हती.
अर्धी म्हणूनसुद्धा नाही.

बेंडलसाहेबांनी हात पुढे केला,
मी खिशातली पेन्सिल दिली,
मोजणीचीच, झिजून बुटकी झालेली.
पिवळ्या रस्त्याच्या कडेला त्यांनी
एक चौकोन काढला,
आत लिहिलं: थांबा.
पुढे एक प्रश्नचिन्ह, बारीक.

झुलेखाबी पुढे आली,
चष्मा नव्हता, म्हणून नाक लावून पाहिलं.
"चौकोन बरा हाय," म्हणाली.
"सावली कुटं काडलीत?"